अहमदाबादचे भांड्यांचे संग्रहालय

राजांच्या तलवारी, सरदारांची चिलखते आणि राण्यांचे अलंकार जतन करणारी संग्रहालये आपल्या देशात पुष्कळ आहेत. परंतु त्या राजाचा भात ज्या पातेल्यात शिजला, तो सरदार स्वारीवर ज्या गडव्याने पाणी प्याला, ती भांडी पुढे कोठे गेली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांना सहसा पडत नाही. आपल्या त्वष्टा कासार ज्ञातीला तो पडावयास हवा. कारण ती भांडी आपल्या पूर्वजांच्या आणि त्यांच्या समव्यवसायी बांधवांच्या हातची होती. मध्यंतरी काही कामानिमित्त अहमदाबादेस जाण्याचा योग आला असता, केवळ घरगुती भांड्यांसाठीच उभारलेले तेथील ‘विचार’ नावाचे संग्रहालय सवडीने पाहावयास मिळाले. त्याची माहिती, आणि ते पाहताना आपल्या व्यवसायाच्या इतिहासाविषयी जे सुचले ते, ज्ञातिबंधु-भगिनींपुढे ठेवीत आहे.

शहराच्या नैर्ऋत्येस वासणा भागात ‘विशाला’ हे उपाहारगृह श्री. सुरेंद्र पटेल यांनी १९७८ साली गुजराती खेड्याच्या धर्तीवर उभारले. त्याच आवारात १९८१ साली त्यांनी हे संग्रहालय सुरू केले. ‘विचार’ हे संस्थेच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून जुळविलेले नाव. पण त्या शब्दाचा अर्थ गुजरातीत आणि मराठीत एकच असल्यामुळे आपल्याला ते परके वाटत नाही. संग्रहात चार हजारांहून अधिक वस्तू आहेत. लोककलांचे अभ्यासक डॉ. ज्योतींद्र जैन यांनी या संग्रहावर १९८४ साली इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. ज्यांना अधिक खोलात शिरावयाचे आहे त्यांनी ते अवश्य मिळवून वाचावे.

संग्रहालयाचा आरंभ कसा झाला, हे आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. गुजरातच्या घराघरांत स्टेनलेस स्टील शिरले, आणि पिढ्यान् पिढ्या जपलेली पितळेची, तांब्याची व काशाची भांडी पोत्यांत भरून मोडीत निघू लागली. श्री. पटेल यांच्या नजरेस ही गोष्ट पडली आणि भट्टीत जाण्याआधीच ती भांडी मोडवाल्यांकडून विकत घेण्याचा सपाटा त्यांनी लावला. म्हणजे आज काचेच्या कपाटात आणि मातीच्या ओट्यावर मांडलेले हे सारे वैभव वस्तुतः मोडीतून परत आणलेले आहे.

‘मोड’ हा शब्द आपल्या घरांतील लहान मुलासही ठाऊक असे. गिऱ्हाइकाने फुटका हंडा आणावयाचा, दुकानदाराने तो तोलून त्याच्या धातूची किंमत धरावयाची, आणि नव्या हंड्यासाठी वरची घडणावळ तेवढी घ्यावयाची, हा व्यवहार शेकडो वर्षे चालत आला. धातू तोच राही, भांडे मात्र बदले. आजीच्या कळशीची नातीच्या लग्नात घागर होई. यात कोणाचेच काही चुकत नव्हते. धातूच्या भांड्याची शेवटची वाट भट्टीकडेच जाते. पण त्यामुळे इतिहासाचे मात्र फार मोठे नुकसान झाले. मातीचे मडके फुटले की त्याची खापरी निरुपयोगी म्हणून उकिरड्यावर पडते आणि हजार वर्षांनी उत्खनन करणाऱ्याच्या हाती लागते. म्हणूनच पुराणवस्तुशास्त्राची पाने कुंभाराच्या कामाने भरलेली आहेत आणि त्यांत तांबटाचे काम तुरळक दिसते. तांबटाने कमी घडविले असे नव्हे. त्याचे घडविलेले पुन्हापुन्हा वितळले गेले. अहमदाबादेपासून सुमारे ८० किलोमीटरवर लोथल येथे १९५५ पासून श्री. शि. रा. राव यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. त्या चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या नगरात तांबे घडविणाऱ्यांच्या भट्ट्या आढळल्या. भट्ट्या राहिल्या, पण त्यांतून निघालेल्या बहुतेक भांड्यांचे काय झाले हे सांगावयास नकोच. आपल्याकडे कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० नंतरच्या दशकात काशाच्या वस्तूंचा जो साठा सापडला, त्यात देशी वस्तूंबरोबर थेट रोमन घाटाच्या वस्तूही होत्या. कोणीतरी तो एकत्र ठेवला आणि तो तेथेच राहून गेला, म्हणूनच तो आपल्याला पाहावयास मिळाला.

तेव्हा मोड ही काही नवी गोष्ट नव्हती. नवे होते ते इतकेच की, मोडीतून भांडे परत येईनासे झाले. हा बदल एका दिवसात झाला नाही. १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनिअमची भांडी करवून पाहिली. हलके आणि स्वस्त असे हे भांडे पुढे ‘जर्मन’चे म्हणून आपल्याकडे गरीब घरांत शिरले. त्यापूर्वीच, एकोणिसाव्या शतकात, विलायतेहून येणारे तयार पत्रे बाजारात आले होते आणि लगडीपासून पत्रा ठोकून काढण्याचे कष्टाचे काम तांबटाच्या हातून गेले होते. हे कष्ट गेले याचे त्या वेळी कोणाला दुःख झाले असेल असे वाटत नाही. स्टेनलेस स्टीलचा शोध शेफील्डला १९१३ साली लागला, परंतु आपल्या स्वयंपाकघरात ते स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत पसरले. त्याला कल्हई नको, चिंच नको, राख नको. शहरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, जेथे गृहिणी स्वतः नोकरीला जाऊ लागली होती, तेथे स्टीलचे स्वागत झाले यात नवल ते काय? बोहारीण जुन्या लुगड्यांवर स्टीलचे डबे देऊ लागली, रुखवतात स्टीलच्या ताटांची चळत दिसू लागली आणि पितळ मोडीत निघाले. ते या वेळी तांबटाच्या भट्टीत न जाता कारखान्यात गेले, आणि त्याचे नळ, खिळ्या व यंत्रांचे सुटे भाग झाले.

आता प्रत्यक्ष संग्रहाकडे वळू. प्रथम लक्ष वेधून घेतात ती पाण्याची भांडी. सौराष्ट्र व कच्छ हा पाण्याचा दुष्काळी मुलूख. तेथे पाण्याच्या भांड्यास जो मान आहे तो आपल्या कोकणात कदाचित कोणाला कळणार नाही. डोक्यावर एकावर एक ठेवून आणावयाच्या दोन घागरींच्या जोडीस गुजरातीत ‘बेडुं’ म्हणतात, आणि घरात ती ज्या ओट्यावर ठेवतात त्यास ‘पाणियारुं’. आपल्या घडवंचीचेच हे भावंड. परंतु तेथे संध्याकाळी पाणियाऱ्यापाशी दिवाही लावतात. भिंतीलगतच्या उंच फळीवर भांड्यांची रांग लावण्याची जी पद्धत आहे तिला ‘अभराई’ हा सुंदर शब्द आहे. मुलीला माहेराहून मिळालेली भांडी त्या फळीवर वर्षानुवर्षे चकचकीत घासून ठेवलेली असत, आणि त्यांतली निम्मी तरी कधी चुलीवर चढत नसत. ती घराची पत होती. अडीअडचणीला मोडीत घालता येणारी शिल्लक होती.

या विभागात सामान्य प्रेक्षक घागरींचे घाट पाहून पुढे जातो. ज्याच्या घरी हातोडी चालली त्याने मात्र घागर पाहावी ती पोटाच्या बाजूने. घागर एका पत्र्याची होत नाही. बूड, पोट आणि गळा असे तिचे भाग निराळे घडवून मग जोडतात. दोन्ही पत्र्यांच्या कडांना दात पाडावयाचे, ते एकमेकांत बसवावयाचे, ठोकून सपाट करावयाचे आणि झाळून एकजीव करावयाचे, ही रीत आपल्या वडीलधाऱ्यांना परिचित आहे. झाळेचा रंग मूळ धातूपेक्षा किंचित फिका असतो. त्यामुळे नीट पाहिले असता जुन्या घागरीच्या अंगावर दातांची एक नागमोडी रेघ दिसते. येथील कित्येक भांड्यांवर ती स्पष्ट आहे. कोठे दात बोटभर रुंद आणि बेताचे पाडलेले, तर कोठे इतके बारीक आणि सारखे की मोजणाऱ्याने मोजीत राहावे. हातोडीच्या खुणांचेही तसेच आहे. मठारकाम हे केवळ शोभेसाठी नसते. तावून मऊ झालेला पत्रा ठोकण्याने पुन्हा कठीण होतो, आणि घागर विहिरीच्या काठावर आपटली तरी तिला सहजी पोचा पडत नाही. ठोक्यांच्या ओळी गळ्यापासून बुडापर्यंत एका लयीत उतरलेल्या असल्या की समजावे, हा हात मुरलेला होता. मध्येच ओळ चुकलेली असली तर तो शिकाऊ मुलाचा असेल, किंवा दिवस मावळला असेल. पाटीवर भांड्याचे नाव, गाव आणि उपयोग लिहिलेला असतो. कारागिराविषयी पाटी बहुधा मौन पाळते. त्याचा मजकूर असा भांड्याच्या अंगावरच लिहिलेला आहे आणि तो वाचावयाची लिपी आपल्याला येते.

धातूंविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण नव्या पिढीत तांबे, पितळ आणि कासे यांत भेद न करणारे पुष्कळ आढळतात. तांबे हा मूळ धातू. त्यात जस्त घातले की पितळ, आणि कथील घातले की कासे. भांड्यांच्या चांगल्या काशात सुमारे ७८ भाग तांबे व २२ भाग कथील असते. इतके कथील घातलेला धातू थंड असता ठोकला तर काचेसारखा तडकतो. तो लाल तापवून, गरम असतानाच, अनेकांनी मिळून झपाट्याने ठोकावा लागतो. म्हणून काशाची थाळी ही एकट्या माणसाची कामगिरी नव्हे. ती वाजवून घेण्याची आपली पद्धत होती; चांगल्या काशाचा नाद लांबतो, आणि टाळ-झांजाही त्याच कुळातल्या. येथील काशाच्या थाळ्या कपाटात असल्याने वाजविता येत नाहीत, ही एक रुखरुख राहते.

पितळेची गोष्ट याहून अद्‌भुत आहे. जस्त ज्या उष्णतेला त्याच्या खनिजातून सुटते, त्याच्या आधीच, सुमारे ९०७ अंशांवर, त्याची वाफ होते; आणि वाफ हवेत गेली की जळून तिची पांढरी भुकटी होते. जगातील कित्येक देशांना शुद्ध जस्त काढता आले नाही ते यामुळे. राजस्थानात उदयपूरजवळ झावर येथे मात्र आपल्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या रोवून, वाफ खाली उतरवून थंड करण्याची युक्ती साधली होती. १९८० नंतर बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम व हिंदुस्थान झिंक यांनी मिळून तेथे संशोधन केले, तेव्हा एकेका भट्टीत ३६ मुशी रचलेल्या जागच्या जागी सापडल्या. इतक्या मोठ्या प्रमाणावर जस्त काढण्याचा इतका जुना पुरावा जगात अन्यत्र नाही. मुशींचे ढीगच्या ढीग तेथे पडले आहेत, आणि त्या कामी राबलेल्या एकाही माणसाचे नाव राहिलेले नाही.

तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, हे आपल्या घरांतील बायकांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक होते. त्यावरचा उपाय कल्हई. भांडे तापवावयाचे, नवसागर टाकावयाचा, कथलाची कांडी टेकवावयाची आणि कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवावयाचे. कथील २३२ अंशांनाच वितळते, म्हणून हे काम रस्त्याच्या कडेला एका भात्यावर होत असे. नवसागराचा तो पांढरा, नाकात झोंबणारा धूर ज्यांनी अनुभवला आहे त्यांना संग्रहालयातील प्रत्येक पातेल्यापाशी त्याची आठवण होईल. कल्हईवाले दिसेनासे झाले तेथेच पितळेच्या पातेल्याचे भवितव्य ठरले, असे माझे मत आहे. स्टीलच्या स्वस्ताईपेक्षाही ते कारण मोठे असावे. उलट, पिण्याच्या पाण्यास कल्हई नको असते आणि तेथे तांब्याचा गुण प्रत्यक्ष उपयोगी पडतो. बंगलोरच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दूषित पाणी तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवल्यावर त्यातील अतिसाराचे जंतू नष्ट झाल्याचे आढळले. तेव्हापासून यंत्रावर ओढलेल्या तांब्याच्या बाटल्यांचा खप वाढला आहे खरा, पण त्याने हातोडीला काम मिळालेले नाही.

संग्रहालयात अन्य वस्तूही आहेत: उंटाच्या कातड्याचे तेला-तुपाचे बुधले, लाकडी काथवटी, हुक्के, पानदाने. अडकित्त्यांपुढे गर्दी सर्वांत अधिक होते. पोपट, मोर, घोडेस्वार अशा त्यांच्या आकृती आहेत आणि त्या मनोहरही आहेत. तथापि अडकित्त्याचे कौतुक करणारे लोक शेजारच्या साध्या परातीकडे पाठ फिरवून उभे असतात, हे पाहून मौज वाटली.

या साध्या भांड्यांची थोरवी एका परदेशी जोडप्याने ओळखली होती, आणि त्या गोष्टीचाही संबंध अहमदाबादशी आहे. अमेरिकेतील विख्यात रचनाकार चार्ल्स व रे ईम्स यांना भारत सरकारने पाचारण केले होते. देशभर हिंडून १९५८ साली त्यांनी एक अहवाल सादर केला. त्या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय रचना संस्था स्थापन झाली. भारतात पाहिलेल्या सर्व वस्तूंत त्यांना अत्यंत सुंदर वाटला तो लोटा, आपला तांब्या. असा लोटा नव्याने योजावयाचा झाला तर किती गोष्टींचा विचार करावा लागेल, याची त्यांनी लांब यादीच दिली: पाणी किती मावावे, हात केवढा असेल, डोक्यावर नेताना तोल कसा राहील, धार कशी पडेल, आतून घासता कसा येईल, उन्हात कसा दिसेल, आणि शेवटी मोडीत त्याचे मोल काय येईल. मोडीचाही विचार परदेशी माणसाला सुचावा, हे वाचून आपल्या दुकानदारांना समाधान वाटेल. पुढे ते म्हणतात की, एका माणसाने हा लोटा योजिला असणे शक्य नाही; पिढ्यान् पिढ्या अनेकांनी मिळून त्याला हा घाट दिला.

हे म्हणणे खरे आहे आणि आदराने म्हटलेले आहे. तरी ‘अनेक’ या शब्दापाशी आपण थोडे थांबावे. हे अनेक कोणी हवेत विरलेले लोक नव्हते. त्यांना घरे होती, गावे होती, आडनावे होती. तांब्याचा गळा किती आवळला म्हणजे पाणी हिंदकळत नाही, हे कोणा एका दुपारी कोणा एका माणसाला उमगले असणार. त्याच्या मुलाने काठ किंचित बाहेर वळविला असणार. हिमालयात लाहूलमध्ये गोंढला येथे १८५७ साली सापडलेला, रथ-घोड्यांची मिरवणूक कोरलेला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लोटा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो ‘कुलूचा लोटा’ म्हणून ओळखला जातो. म्हणजे भांड्याला प्रदेशाचे नाव मिळाले. घडविणाऱ्याचे नाव उरलेच नाही.

आपल्या ज्ञातीने ज्याचे नाव धारण केले तो त्वष्टा हा वेदातील देवांचा कारागीर. त्याने इंद्राचे वज्र घडविले हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याने देवांसाठी सोमपानाचे एक पात्र, चमस, घडविले होते, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. ऋभू नावाचे तिघे भाऊ होते, मूळचे मनुष्य आणि हाताचे कुशल. त्यांनी त्या एका चमसाचे चार चमस केले, आणि आपल्या कसबाच्या बळावर ते देवपदास चढले. त्वष्ट्यास त्याचा राग आल्याचेही ऋग्वेदात वर्णन आहे. एकाच्या घडणीत दुसऱ्याने सुधारणा केली की काय होते, हे ज्यांनी आपल्या आळीत पाहिले आहे त्यांना हा राग समजावून सांगण्याची गरज नाही. तात्पर्य काढण्यासाठी ही कथा दिलेली नाही. वेदकाळी पात्र घडविणाऱ्याचे नाव राहत होते, एवढेच दाखवावयाचे आहे.

कारण पुढे नावे राहिली ती मालकांची. संग्रहालयातील काही भांड्यांच्या काठांवर टाकीने ठिपके ठिपके देऊन गुजराती अक्षरांत नावे घातलेली आहेत. आपल्याकडेही नाव घातल्यावाचून भांडे घराबाहेर देत नसत. लग्नकार्यात, पंगतीत भांडी एकमेकांत मिसळत, म्हणून ती सोय. त्यात नवऱ्याचे नाव असे, देणाऱ्या मामाचे असे, क्वचित तिथी असे. ती अक्षरे घालणारा हात आपला, भांडे घडविणारा हात आपला, आणि अक्षरे मात्र दुसऱ्यांची. यात गाऱ्हाणे नाही. गवंडी वाड्यावर आपले नाव कोरीत नाही. पण वाड्याचा इतिहास लिहिताना कागदपत्रे तरी असतात. भांड्याची कागदपत्रे भांड्याबरोबरच वितळली.

गुजरातेत हा व्यवसाय करणाऱ्यांना ‘कंसारा’ म्हणतात. भावनगरजवळचे शिहोर आणि उत्तर गुजरातेतील विसनगर ही त्यांची नावाजलेली गावे. बंगालात ‘काँसारी’ आहेत. हे शब्द आणि आपला ‘कासार’ ही सारी ‘कांस्यकार’ या एकाच संस्कृत शब्दाची लेकरे. आपल्या महाराष्ट्रात कासार म्हटले की पुष्कळांना बांगड्या भरणारा आठवतो आणि भांडी घडविणाऱ्यास तांबट म्हणतात. ‘टुक् टुक्’ असा एकसुरी आवाज करणाऱ्या त्या हिरव्या पक्ष्यासही लोकांनी तेच नाव दिले. धातू बदलला तरी नाव बदलत नाही, हेही खरे. आज स्टीलच्या लोट्यालाही आपण तांब्याच म्हणतो.

पुण्यात असा संग्रह नाही असे कोणी समजू नये. बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालय पुणेकर ज्ञातिबंधूंच्या परिचयाचे आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास संग्रहास आरंभ केला. बालवयात निवर्तलेल्या राजा या पुत्राचे नाव त्यांनी त्यास दिले, आणि सुमारे २०,००० वस्तूंचा हा ठेवा १९७५ साली महाराष्ट्र शासनास अर्पण केला. दिवे, अडकित्ते, पाण्याची व स्वयंपाकाची भांडी यांत हा संग्रह कोणत्याही तुलनेस उतरेल. केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करीत. अज्ञातवासी कारागिरांच्या वस्तू गोळा करणाऱ्याला हे नाव शोभून दिसते. दोन्ही संग्रहांत फरक असा की, केळकरांची दृष्टी रसिकाची होती, त्यांनी सुंदर ते शोधले. पटेल यांनी मोडीत निघालेले अडविले, म्हणून अहमदाबादेस अगदी साधी, काठ झिजलेली, डाक लावून पुन्हा वापरलेली भांडीही पाहावयास मिळतात. आपल्या व्यवसायाच्या इतिहासास डाक लावलेले भांडे अधिक उपयोगाचे आहे. ते घडविले कसे आणि बिघडले कोठे, हे दोन्ही त्यात दिसते.

पेशवाईत कोकणातून तांबटांची घराणी पुण्यात आणून वसविली गेली अशी आपली परंपरा सांगते. कसबा पेठेतील तांबट आळीत एके काळी हातोड्यांच्या आवाजात शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नसे. हंडे, घंगाळे आणि पाण्याचे बंब ही त्या आळीची ख्याती. बंब गेला तो विजेच्या व गॅसच्या गिझरामुळे. आता हातावर मोजण्याजोग्या घराण्यांतच मठारकाम चालते, आणि त्यांचा माल बहुतांशी शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत जातो. तो व्यवसाय पुन्हा पूर्ववत होईल असे म्हणणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होईल. मुले शिकली, नोकऱ्यांस लागली, हे चांगलेच झाले; भट्टीच्या धुरात आणि आवाजात ज्यांचे कान गेले त्यांना ते अधिक पटेल.

परंतु जे सहज करता येण्याजोगे आहे ते तरी करावे. आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर वडिलार्जित हातोड्या, ऐरणी, साचे व घाट मोजण्याच्या काड्या पडून आहेत. प्रत्येक हातोडीला निराळे नाव होते आणि ती नावे कोशांत मिळत नाहीत. दुकानाच्या जुन्या चोपड्यांत कोणत्या गावी कोणत्या घाटाची घागर जात असे, मजुरी काय पडे, कोणत्या कारागिराने ती घडविली, हे लिहिलेले असते. संग्रहालयाच्या पाटीवर जी जागा कोरी आहे ती भरून काढणारा मजकूर हाच. दिवाळीच्या सफाईत या चोपड्या रद्दीत आणि हातोड्या मोडीत जात आहेत. त्या जाण्यापूर्वी घरातील वडील मंडळींना समोर बसवून एकेका हत्याराचे नाव व उपयोग वहीत उतरवून घ्यावा, आणि ती वही ज्ञातिसंस्थेच्या कार्यालयात आणून द्यावी, अशी विनंती आहे. पुढील अंकात अशा नावांची एक यादी छापता आली तर या लेखापेक्षा तिचा उपयोग अधिक होईल.

आपल्या तरुण मंडळींनी अहमदाबादेस सहल न्यावयाची ठरविल्यास दोन दिवस पुरतील: एक दिवस संग्रहालयास आणि एक लोथलला. सोबत आयुष्यभर मठारकाम केलेला एक तरी वडीलधारा न्यावा. भांड्यांस हात लावून पाहण्याची परवानगी संग्रहालयाच्या चालकांना आधी पत्र लिहून मागावी. नुसते पाहण्यास दीड-दोन तास लागतात. सांधे पाहत गेल्यास सकाळ पुरणार नाही.